दोन मुठी मैदा

सकाळी घरातल्या संडासाचं दार कोणी आतून अडवून धरलं की भल्याभल्यांचा तोल जातो. अण्णांचा तर जरा जास्तच जायचा. उजाडायच्या आधीपासून खाली बेकरीत भट्टीपुढे उभं राहायचं, पहिल्या पावांचे ट्रे दुकानात लावायचे, मग खांद्यावर टॉवेल टाकून वर घरात यायचं, आणि बघावं तर दार बंद.

"बेबी, आत मुक्काम टाकलायस का?"

"पाच मिनिटं, अण्णा."

"मघाशीही पाचच मिनिटं होती. तुझं घड्याळ चालतंय ना?"

आत नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. हा नळ कसले आवाज झाकायला सुरू होतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. छातीत दुखलं तर माणूस चारचौघांत सांगतो, गुडघा दुखला तर कौतुकाने सांगतो. पोट दुखलं की मात्र नळ सोडून बसतो!

बेबी म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ही बेबी चौतिशीला आली होती आणि शहरातल्या बसवर ड्रायव्हर होती. अण्णांच्या अख्ख्या दुकानाहून लांब असलेली बस ती अरुंद चौकातून अशी वळवायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. इतकी वर्षं मागे लागून तिला स्टेशन ते विमानतळ हा लांबचा मार्ग मिळाला होता. डेपोत हा मार्ग मिळणं म्हणजे मानाचं पान समजलं जायचं. आणि नेमका तिथेच घोळ झाला.

पोट बिघडायला सुरुवात होऊन बरेच महिने झाले होते. आधी नुसतं फुगायचं, मग कळा यायला लागल्या, मग एकदम, अगदी उभ्या उभ्या, पळायची वेळ यायला लागली. ड्यूटीच्या आधी ती जेवेनाशी झाली. एक दिवस भरलेली बस तिने रस्त्यातल्या पेट्रोल पंपावर उभी केली, उतरली आणि आतल्या बाजूला पळत सुटली. परत आली तेव्हा अर्धे प्रवासी हसत होते आणि उरलेले घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी डेपोत तिचं बारसं झालं, 'पंपवाली'.

तक्रार आली तसं डेपो मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, "मॅडम, उपचार घ्या, थोडा वेळ देतो. पण पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला पासच्या खिडकीवर बसवावं लागेल. गाडी मिळणार नाही."

गाडी मिळणार नाही! ज्या बाईला लहानपणापासून चाकाचं वेड, तिला काचेमागे बसून पासवर शिक्के मारायचे. बेबीने घरी येऊन एवढंच सांगितलं आणि ताटावरून उठली.

अण्णांचं मत मात्र ठरलेलं होतं. "मनाचे खेळ आहेत सगळे. आम्हाला काय पोटं नव्हती? माझ्यासारखी भट्टीपुढे उभी राहा, पोट सुतासारखं सरळ येईल."

"भट्टीत घालू का तिला?" बेबीची आई म्हणाली. दुकानाचा गल्ला तिच्याकडे होता आणि घरातला शेवटचा शब्दही. "उद्या दवाखान्यात घेऊन जा पोरीला. मी दुकान बघते."

दवाखाना दोनच गल्ल्या सोडून होता. डॉक्टरीणबाई अण्णांच्या रोजच्या गिऱ्हाईक. मऊ पाव घेऊन जायच्या आणि कडक बोलायच्या. त्यांनी बेबीला असे प्रश्न विचारले की अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. मग त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

"मी ऐकलंय की गहू सोडला की बरं वाटतं," बेबी म्हणाली. "आजपासूनच सोडू का?"

"मुळीच नाही. आधी तपासणी, मग सोडणं. गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला खरोखर इजा होते असा एक आजार असतो. तो आहे का हे बघायचं तर पोटात गहू जात असायला हवा. आधीच सोडलास तर तपासणी खोटं बोलेल. लोक इथेच चुकतात."

"ग्लूटेन म्हणजे?" अण्णांनी कॅलेंडर सोडलं.

"तुम्ही मला विचारताय? पीठ मळून ताणलं की पडद्यासारखं पसरतं, तुटत नाही, ते कशामुळे? तो चिवटपणा म्हणजे ग्लूटेन. तुमचा पाव फुगतो तो त्याच्याच जिवावर."

अण्णांना कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. पिठाचा तो पडदा खिडकीसमोर धरून त्यातून उजेड बघायचा, हा त्यांचा रोजचा आनंद. आणि त्यालाच ही बाई नावं ठेवतेय!

तपासण्यांचे रिपोर्ट आले. तो मोठा आजार निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी निदान केलं ते चिडक्या आतड्याचं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आतडं बारीकसारीक गोष्टीवरून रुसतं. "आता मात्र गहू सोडून बघ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना गुण येतो असं नाही. काहींना येतो, आणि तोही ग्लूटेनमुळे येतो की गव्हातल्या दुसऱ्याच कशामुळे, तेही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. म्हणून हा प्रयोग समज. दीड महिना काटेकोर पाळ. मग आपण थोडा थोडा गहू परत आणू आणि बघू. पण एक लक्षात ठेव, प्रयोग अर्धवट करशील तर उत्तर चुकीचं येईल, आणि चुकीचं उत्तर आजारापेक्षा वाईट."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी अण्णांकडे का बघितलं ते अण्णांना तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी आवाज चढवला. "ज्या पिठावर तू वाढलीस, तेच आता तुला विष झालं का?"

"पिठावर नाही, माझ्या जिवावर वाढली," आई शांतपणे म्हणाली. "आणि विष कोणी म्हटलेलं नाही. सोसत नाही म्हणाली ती. दोन्हींत फरक आहे."

बेबीने गहू सोडला. सोडला म्हणजे नुसता पाव बंद, असं नव्हतं. सॉसच्या बाटलीत गहू, सूपच्या पुडीत गहू, शेजारणीने दिलेल्या कटलेटच्या वेष्टनातसुद्धा गहू. किराणा दुकानात उभं राहून ती डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायची आणि मागची माणसं उसासे टाकायची. भात, उकडलेले बटाटे, अंडी, भाज्या यांवर दिवस निघायचे. आणि कोणाकडेही जावं तर तेच वाक्य पुढे यायचं, "अगं, घे गं, थोड्यानं काय होतंय?" नको म्हटलं की माणसं दुखावायची. आपल्याकडे माणूस उपाशी राहिलेला चालतो, नको म्हणालेला चालत नाही!

पण दोनेक आठवड्यांत फरक दिसायला लागला. सकाळचा नळ कमी वेळ वाहायला लागला. एकदा तर अण्णा टॉवेल घेऊन आले आणि दार चक्क उघडं होतं. बेबी आरशासमोर उभी राहून शिट्टी वाजवत केस बांधत होती.

त्याच संध्याकाळी ती भट्टीपाशी येऊन उभी राहिली. नुकते काढलेले पाव जाळीवर निवत होते. तिने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "अण्णा, बाकी कशाचं काही वाटत नाही हो. पण पाव... बेकरीवाल्याची पोर मी, आणि नुसता वास घेऊन वर भात खायला जाते."

अण्णांनी त्याच क्षणी ठरवलं. माझ्या पोरीला पाव मीच करून घालणार, गव्हाशिवायचा.

तांदळाचं पीठ आणलं, मक्याचं आणलं. पहिला पाव साच्यातून निघाला तो दगडासारखा. पुढचा निघालाच नाही, भुगा होऊन पडला. त्याच्या पुढचा वरून बरा दिसला आणि सुरी लावताच मधोमध फाटला. उभं आयुष्य भट्टीपुढे गेलेल्या माणसाच्या हातून असला पाव! अण्णांनी तो पिशवीत गुंडाळून कोणी बघायच्या आत कचऱ्यात टाकला. पुन्हा पीठ कालवायला घेतलं. हातात पीठ येत होतं ते ओल्या वाळूसारखं. ना त्याला ताण, ना जीव.

बाजूलाच मैद्याचं पोतं उघडं होतं.

अण्णांचा हात पोत्यात गेला. दोन मुठी. एवढ्या मोठ्या घमेल्यात दोन मुठी म्हणजे काय! नुसतं धरून ठेवण्यापुरतं. आणि मनात आणखी एक विचार होता, तोही सांगितला पाहिजे. पोरीने हा पाव महिनाभर खाल्ला आणि तिला काही झालं नाही, तर एक दिवस सगळ्यांसमोर म्हणता येईल, बघ, इतके दिवस तू मैदा खात होतीस! मग तिची भीती पळेल, डॉक्टरीणबाईंचं तोंड बंद होईल आणि पावाचं नाव राहील. माया आणि हट्ट एकाच मुठीत मावले. त्या मुठीत माया किती आणि हट्ट किती, हे अण्णांनाही सांगता आलं नसतं.

पाव फुगला. कापला तर काप पडला. बेबीने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अण्णा, खरंच यात गहू नाही?"

"आता बापावरही विश्वास नाही का?"

"तसं नाही हो," ती ओशाळली आणि तिने दुसरा काप घेतला.

मुठी दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या पाच. कारण मैदा जास्त पडला की पाव जास्त मऊ व्हायचा, आणि मऊ झाला की बेबी खूश व्हायची. पावाची ख्याती आईच्याही कानावर गेली. "इतका चांगला जमला तर दुकानात ठेवा की," ती म्हणाली. अण्णांनी घाईघाईने विषय बदलला.

पंधरा दिवसांत नळ पुन्हा वाहायला लागला.

बेबीला काही समजेना. तिने दूध सोडलं. मग सफरचंद सोडलं. मग चहा, मग कांदा, मग अंडी. ज्याच्यावर संशय येईल ते ताटातून गेलं. एकाच गोष्टीवर तिला संशय आला नाही. "निदान तुमचा पाव तरी आहे," ती म्हणायची, "तेवढाच एक बिनधोक." आणि बाकीचं सोडल्यामुळे पाव जास्त खायची. ड्यूटीच्या डब्यात पाव, रात्रीच्या ताटात पाव. गणवेश अंगावर सैल व्हायला लागला.

अण्णा हे सगळं बघत होते. रोज सकाळी ते ठरवायचे की आज मुठी घालायच्या नाहीत. पण मग पाव फाटला असता, तिने विचारलं असतं, आणि सगळंच बाहेर पडलं असतं. म्हणून ते स्वतःला समजवायचे की दुखणं दुसऱ्याच कशाचं तरी असेल. इतक्याशा मैद्यानं काय होतंय? जे वाक्य त्यांनी इतरांना आयुष्यभर ऐकवलं, ते आता ते स्वतःलाच ऐकवत होते आणि त्यांनाही ते पटत नव्हतं.

एका दुपारी बेबी वेळेआधीच घरी आली. अंगात गणवेश तसाच होता. दुकानाचं दार ओढून आई आणि अण्णा जेवायला बसले होते. ती खुर्ची ओढून बसली.

"सोमवारपासून मी पासच्या खिडकीवर," ती म्हणाली. "मॅनेजरला मीच सांगून आले."

"पुन्हा कुठे थांबावं लागलं का?" आईने विचारलं.

"नाही. पण थांबावं लागेल, या भीतीने हात कापायला लागलेत चाकावर. मागे पन्नास माणसं बसलेली असतात, आई. त्यांना घेऊन कापऱ्या हातांनी नाही चालवायची मला." मग ती अण्णांकडे वळली आणि हसली. ते हसू बघवत नव्हतं. "अण्णा, तुम्हीच बरोबर होतात. मनाचेच खेळ आहेत. गहू सोडून दीड महिना होत आला, बाकी पण सगळं सोडून बघितलं. मध्ये बरं वाटलं होतं तेही मनाचंच असणार. माझं डोकंच ठिकाणावर नाही, दुसरं काय!"

अण्णा जिंकले होते. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांच्या मुलीने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. आणि त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

बेबीने सवयीने टोपलीतला पावाचा काप उचलला.

"नको!" अण्णा ओरडले. ते ताटावरून उठले आणि त्यांनी तो काप तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. "नको खाऊस! यात मैदा आहे!"

बेबीने आधी टोपलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"कशात मैदा आहे?" बेबीने विचारलं.

"याच्यात. पहिल्यापासून. पाव धरत नव्हता गं... आधी दोनच मुठी घातल्या. मला वाटलं, थोड्यानं काय होतंय..."

ती रडली असती, ओरडली असती, तर अण्णांना बरं वाटलं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पोट दुखलं त्याचं काही नाही, अण्णा. दुखण्याची सवय आहे मला. पण मी स्वतःला खोटी समजायला लागले होते. माझं शरीर ओरडून सांगत होतं, आणि मी त्यालाच म्हणत होते, तू खोटं बोलतंयस. खोटं तर तुम्ही बोलत होतात!"

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आदळलं नाही, नुसतं लावलं.

अण्णा हातातल्या कापाकडे बघत उभे राहिले. मऊ, पांढरा, सुरेख जाळी पडलेला काप होता तो.

"आता तू पण बोलून घे," ते बायकोला म्हणाले.

"बोलणारच आहे, बसा." आईने ताटं बाजूला सारली. "अहो, तुम्ही तिला मुद्दाम दुखवलं नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तिने पाव नको म्हटलं, तर तुम्हाला वाटलं तिने तुम्हाला नको म्हटलं. आपण सगळे हेच करतो. कोणी म्हणालं मला हे सोसत नाही, की आपण त्याचं पोट बघत नाही, आपला मान बघतो. मग हसतो, आग्रह करतो, वाद घालतो, आणि काहीच चाललं नाही तर गुपचूप मिसळतो. वर त्याला माया म्हणतो! दुखतंय की नाही, हे ज्याचं दुखतं त्याने सांगायचं असतं. आपण ते मत द्यायची गोष्ट समजून बसलो."

"मला वाटलं, भीती जाईल तिची."

"भीती खरं कळल्यावर जाते. तुम्ही तिला खरं कळूच दिलं नाहीत. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? अर्धवट प्रयोगाचं उत्तर चुकीचं येतं म्हणून. त्या चुकीच्या उत्तरावर पोरगी चाक सोडायला निघाली!"

अण्णांनी टोपलीतला उरलेला पाव उचलला, खाली नेला आणि पहिल्यांदाच आपल्या हाताने केलेला चांगला पाव कचऱ्यात टाकला.

दोन दिवस बेबी त्यांच्याशी बोलली नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवायची, आणि पातेल्यावर झाकण ठेवून ते आपल्या खोलीत न्यायची. ते झाकण अण्णांना जितकं लागलं तितकं कोणाचं बोलणं लागलं नसतं. आपल्याच घरात आपल्या मुलीला अन्न राखावं लागतंय, आणि ते आपल्यापासून!

रविवारी संध्याकाळी त्यांनी तिचं दार वाजवलं. "बेबी, उद्या डेपोत मी येऊ का तुझ्याबरोबर? झालं ते सांगायला. तू नको म्हणालीस तर नाही येणार."

मग दार उघडलं. "या," ती म्हणाली. "पण बोलेन मी. तुम्ही फक्त तुमच्या वाट्याचं सांगा."

मॅनेजरच्या खोलीचं दार उघडंच असायचं आणि बाहेरच्या बाकावर ड्रायव्हर मंडळी चहा घेत बसलेली असायची. बेबी आत शिरताना मागून कोणीतरी पेट्रोल भरायच्या नळीचा आवाज काढला. अण्णा थांबले. मग ते आत न जाता बाकासमोरच उभे राहिले.

"मी हिचा बाप," ते म्हणाले. "बेकरी आहे माझी. हिला डॉक्टरांनी गहू बंद सांगितला होता. हिने तो पाळला. मीच तिच्या पावात गुपचूप मैदा घालत होतो, कारण मला वाटलं नखरे आहेत. तिचं दुखणं खरं होतं. हसायचं असेल तर मला हसा."

कोणी हसलं नाही. बाकाच्या टोकाला एक भरघोस मिशांचा जुना ड्रायव्हर बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"मी ड्यूटीच्या आधी जेवत नाही," तो म्हणाला. "कित्येक वर्षं झाली. बायकोलासुद्धा माहीत नाही का ते."

बाकावरचा दुसरा एक जण म्हणाला, "मी पाणी पीत नाही." सगळे आपापल्या कपात बघत बसले.

आत बेबी मॅनेजरला सांगत होती, "साहेब, मला प्रयोग पहिल्यापासून करायचाय, नीट. तोवर खिडकीवर बसते. पण गाडी माझ्या नावावरून काढू नका. आणि विमानतळाच्या टोकाला आम्हाला पाच मिनिटं मिळायला हवीत, उतरून जाऊन यायला. फक्त मला नाही, सगळ्यांना."

मॅनेजरने बाहेरच्या बाकाकडे बघितलं. बाकावरचे सगळे त्याच्याकडेच बघत होते. "दीड महिना थांबतो," तो म्हणाला. "आणि त्या पाच मिनिटांचं बघतो." बघतो म्हणणारे साहेब बहुतेक बघत नाहीत. पण याने बघितलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

अण्णांनी पुन्हा पाव करायला घेतला, पण खाली बेकरीत नाही. तिथे हवेतसुद्धा मैदा होता. त्यांनी वरच्या स्वयंपाकघरातला छोटा ओव्हन घेतला, नवा साचा आणला, अंगावरचे कपडे बदलले आणि कोपरापर्यंत हात धुतले. तांदळाचं पीठ, उकडलेला बटाटा, अंडी. पाव फुगला नाही. वरून भेगा पडल्या, कडा करपल्या. अण्णांनी तो तसाच ताटात ठेवला आणि बेबीला हाक मारली. "ये, समोर बसून बघ हवं तर. पीठ कुठलं, काय घातलं, सगळं इथंच मांडलंय."

बेबीने डबे बघितले. झाकणं उघडून बघितली. अण्णांनी त्याचा राग मानला नाही. मग तिने एक तुकडा मोडला आणि चावला. बराच वेळ चावला.

"वीट आहे, अण्णा."

"वीटच आहे."

"उद्या डब्यात दोन द्या," ती म्हणाली.

या वेळी दीड महिना खरा गेला. सकाळचा नळ हळूहळू बंद झाला, हातांचं कापरं थांबलं, आणि एका सोमवारी विमानतळाची बस बेकरीवरून गेली तेव्हा तिने इतका लांब हॉर्न दिला की आईच्या हातातले सुटे पैसे सांडले.

मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून गहू परत आणायची वेळ आली. सुट्टीचा दिवस होता. बेबी स्वतःच खाली येऊन भट्टीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, तुमचा पाव. अर्धा काप."

अण्णांनी सुरी उचलली आणि ते थांबले. "देऊ?"

"द्या."

तिने तो सावकाश खाल्ला. काही झालं नाही. पुढच्या सुट्टीला तिने अख्खा काप खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत पोट धरून बसली. पुन्हा तपासून बघितलं तरी तेच. अर्धा चालतो, अख्खा चालत नाही, असं उत्तर निघालं. अर्धा चालला त्या दिवशी अण्णांच्या जिभेवर आलं होतं की बघ, मी म्हणत नव्हतो! पण त्यांनी ते गिळलं. ते थोडं किती, हे आता बेबीला कळलं होतं. ते ठरवायचा हक्क पहिल्यापासून तिचाच होता, आणि अण्णांनी तो दोन मुठींत चोरला होता.

हल्ली त्यांच्या दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत एक पाटी आहे. 'आमच्या सर्व पदार्थांत गहू असतो. गव्हाशिवायचा पाव आम्हाला येत नाही.' असली पाटी लावणारा बेकरीवाला वेडाच म्हणायचा, असं लोक म्हणतात. परवा दुकानात एक बाई आपल्या बरोबरच्या मैत्रिणीला बिस्किटाचा आग्रह करत होत्या. ती नको नको म्हणत होती. "अगं घे गं, थोड्यानं काय होतंय?" बाई म्हणाल्या.

"काय होतंय ते त्यांना विचारा," अण्णा काउंटरमागून म्हणाले. "त्या सांगतील ते खरं धरा. आम्ही नाही धरलं, तर पोरगी चाकावरून उठायला निघाली होती."

आपणही, वाचकहो, एवढं करू शकतो. आपल्या टेबलावर, आपल्या कचेरीत, आपल्या बसमध्ये कोणीतरी नळ सोडून बसलेलं असतं. त्याचं दुखणं आपल्याला दिसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. ते बरं करणं आपल्या हातात नसेलही, पण त्याच्यावर विश्वास ठेवणं नक्कीच आहे. आणि ताटात वाढण्याआधी 'देऊ?' असं विचारायला काहीच लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी बेबी अजूनही भट्टीपाशी येते. काप घेते, मधोमध मोडते, अर्धा खाते आणि उरलेला अर्धा ताटलीत ठेवून उठते. अण्णा त्या अर्ध्याकडे बघतात. तो मऊ असतो, गरम असतो, त्यांच्या हातचा असतो. मग तो उचलतात आणि स्वतः खाऊन टाकतात.